सोनगीरच्या डेअरीत केळीचे भाव बोलले त्याबद्दल

ती. रुपचंदमामांच्या चरणी पिंप्राळ्याहून भाच्याचा, म्हणजे नवलचा, नमस्कार पोचावा. तुमची कंबर आता कशी आहे? मामीची तब्येत विचारायचा हक्क मी गमावला आहे, तरी विचारतो. फोन सात वेळा केला. मामी उचलते आणि माझा आवाज ऐकला की ठेवून देते (एकदा ठेवण्याआधी म्हैस हंबरलेली ऐकू आली, तेवढाच घरचा आवाज). म्हणून हे पत्र.

गावात बोललं जातंय की नवलला मामीच्या अहिराणीची लाज वाटली, म्हणून त्याने डेअरीच्या ॲपात दुसऱ्या बाईला बोलायला लावलं. मामा, हे खोटं आहे. खरं कारण त्याहून लाजिरवाणं आहे. माझ्याकडे दोन ॲप आहेत. एक सावद्याच्या गौतमचंद शेठजींचं, केळीचे भाव सांगणारं, त्यात त्यांची सून प्रियल बोलते. दुसरं तुमच्या डेअरीचं, त्यात मामी. दोन्हींना लागणारी चित्रं, बटणं, आवाज मी एका सामाईक लायब्ररीत ठेवले (दोन शेजारणींनी एकच कोठी वापरावी तसं), मामीचा आवाजही तिथेच, ‘स्वागत’ नावाच्या फाइलीत; प्रियलचा मात्र सावद्याच्या ॲपातच राहिला. तुमचं ॲप तयार करायला घेतलं की ते म्हणे, यातली एकही वस्तू मला सापडत नाही. आठ दिवस मी कॉम्प्युटर बंद-चालू केला, इंटरनेटवर परक्या मुलखातल्या लोकांचे पाय धरले, माझ्या बायकोने, ज्योतीने (म्हणजे तुमच्या सूनबाईने) कॉम्प्युटरला लिंबू-मिरची बांधली. उद्घाटन उद्यावर आलं तेव्हा घाबरून मी सावद्याच्या ॲपातलं सगळं सामान उचलून तुमच्या ॲपात टाकलं. त्यानंतर सापडलं की दुखणं एका ओळीचं होतं: लायब्ररीचा पत्ताच मी डेअरीच्या ॲपला दिला नव्हता. तो दिला, ॲप निमूट तयार झालं, आणि मी चहा मागवला. उचलून आणलेलं सामान मात्र परत ठेवायचं राहिलं.

आता यात नियम असा, की ॲपच्या स्वतःच्या घरात त्याच नावाची वस्तू असली तर ॲप लायब्ररीकडे ढुंकूनही बघत नाही, आणि तसं सांगतही नाही. प्रियलच्या फाइलीचं नावही मी ‘स्वागत’च ठेवलं होतं. सावद्याकडे स्वतःचं काही उरलं नाही, त्यामुळे ते गुपचूप लायब्ररीत जाऊन मामीला घेऊन आलं.

पुढचं तुमच्या डोळ्यांदेखत झालं. मामी नवं लुगडं नेसून पुढे उभी, बेबाबाई, ताईबाईसकट निम्मी गल्ली तिने बोलावून आणलेली. डेअरीचे चेअरमन सुकदेवआप्पांनी बटण दाबलं आणि प्रियल शुद्ध मराठीत म्हणाली, ‘सावद्यात आपलं स्वागत. नवती केळीचा आजचा भाव ऐका.’ बाया खो-खो हसल्या. मामी हसली नाही. त्याच वेळी सावद्यात केळीच्या व्यापाऱ्यांना मामी विचारत होती, ‘हाई बठ्ठं दूधच शे ना? पानी नही ना त्यामा?’ शेठजींनी मला फोन करून अत्यंत शांतपणे विचारलं, की हा संशय नेमका कोणावर आहे.

मामा, आवाज सुरू ठेवून एकदा ऐकलं असतं तरी चूक कळली असती. मी चित्रं पाहिली, बटणं दाबली, आणि आवाज बंद ठेवला. आई गेल्यावर पाचवीपासून जिच्या हाकेवर वाढलो, तिचं बोलणं ऐकायला मला दोन मिनिटं नव्हती. याचं फार वाईट वाटतं. आता दोन्ही ॲप दुरुस्त आहेत, डेअरीत मामीच बोलते, पण ऐकायला ती तिकडे फिरकत नाही असं डेअरीतल्या वनाकडून कळलं.

तुमचा,
नवल

ता. क. आखाजीच्या सणाला सोनगीरला येऊ का? (वरचं सगळं पत्र एवढ्यासाठीच लिहिलं.)

आणखी ता. क. मामीचं मूळ रेकॉर्डिंग काल पहिल्यांदा शेवटपर्यंत ऐकलं. बंद झालं असं समजून ती पुढे बोलली आहे: ‘बरं बोलनू ना मी? मन्हामुये नवलले कोनी हासाव नही ना?’ तेवढा तुकडा मी जास्तीचा म्हणून न ऐकताच कापला होता.