तीन उशीर, एक खाडा

प्रिय खारूताई,

हा मायना वाचून तुझ्या कपाळाला आठी पडणार, हे मला ठाऊक आहे. अडतीस वर्षांच्या बाईला, शिवणकामाचं दुकान चालवणाऱ्या मालकिणीला, कुणी खारूताई म्हणतं का? पण दुसरं काही लिहायला घेतलं की ते पत्र कार्यालयीन दिसायला लागतं, आणि तसली पत्रं मी जन्मभर पुष्कळ लिहिली. उशीखाली, डब्यांत आणि माझ्या बुटांतसुद्धा पेन्सिलीचे तुकडे लपवून ठेवणारी तू माझ्या डोक्यात अजून तेवढीच आहेस. फोनवर आपण ‘तब्येत बरी ना’ आणि ‘हो, तुमची?’ एवढं बोलतो आणि मग आधी कोण ठेवतंय याची वाट बघत बसतो. म्हणून म्हटलं, पत्रच लिहावं. एकच मागणं आहे, शेवटपर्यंत वाच.

इकडचं ठीक आहे. उजवा गुडघा कुरकुरतो, पण त्याचं वयच आहे ते. तुझा दादा आणि वहिनी माझं सगळं नीट करतात, फक्त मी सकाळी साडेपाचला उठून खुडबुड करतो म्हणून वहिनी वैतागते. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी साडेसहाला पाय आपोआप चपलांकडे वळतात. परवा तर मी डबा मागितला म्हणे. दादा हसून हसून लोळायचा बाकी राहिला.

तर गेल्या महिन्यात शाळेतून बोलावणं आलं. नव्या मुख्याध्यापिका आल्या आहेत, तुझ्याहून लहानच असतील. जुन्या कागदांच्या खोलीला वाळवी लागली होती आणि कुठल्या कपाटात काय आहे हे सांगणारं माझ्याखेरीज कुणी उरलं नव्हतं. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. जिन्याखालची ती खोली आठवते तुला? खिडकीला जाळी, कोपऱ्यात मोडक्या बाकांची चळत आणि मधे माझं टेबल. हजेरीचा कारकून म्हणून चौतीस वर्षं मी तिथे बसलो. सगळ्या वर्गांची हजेरीपुस्तकं दुसऱ्या तासाला माझ्याकडे यायची. कुणाची हजेरी पंच्याहत्तर टक्क्यांच्या खाली चालली आहे ते मी काढायचो आणि पालकांना पत्रं धाडायचो. मुलं मला मागून ‘घड्याळ’ म्हणायची, हे मला माहीत होतं. खरं सांगायचं तर आवडायचंसुद्धा.

माझा स्वतःचा एकही खाडा नव्हता, हे तुला काय सांगायचं! घरात त्याचं कौतुक सगळ्यात जास्त तुझ्या आईला. दरवर्षी पूर्ण हजेरीचं प्रशस्तिपत्रक मिळायचं आणि ती ते बाहेरच्या खोलीत ओळीने टांगायची. पाहुण्यांना सांगायची, आमची दोन्ही मुलंसुद्धा सुट्टीत जन्मली, यांच्या सोयीने. सगळे हसायचे, मीही हसायचो. त्या हसण्यात काय होतं हे बघायची मला कधी गरज वाटली नाही.

आणि तो नियम माझाच. तीन उशीर म्हणजे एक खाडा. आधी उशिरा येणाऱ्याला नुसतं उभं करायचे. मी मोठ्या सरांना कागदावर मांडून दाखवलं की याने शिस्त येत नाही. मग फाटकावर शिपाईमामांकडे चिठ्ठ्यांचं बुक ठेवलं. उशिरा आलेल्याने नाव, वर्ग आणि कारण लिहायचं, चिठ्ठी घरी न्यायची आणि दुसऱ्या दिवशी पालकांच्या सहीनिशी आणून द्यायची. त्या माझ्या टेबलावर यायच्या, मी त्या मोजायचो, तीन झाल्या की टाचणी लावायची आणि हजेरीपुस्तकात एक खाडा चढवायचा. सगळे म्हणाले, नियम झकास आहे. पुढे दोन शाळांनी तो मागून नेला, तेव्हा मी चार दिवस हवेत होतो.

तुझं ते दहावीचं वर्ष. त्याबद्दल आपण कधीच बोललो नाही, म्हणून आज मीच बोलतो. दोनशे दिवस शाळा भरली. छत्तीस दिवस तू आलीच नाहीस आणि एक्कावन्न दिवस उशिरा आलीस. एक्कावन्न उशिरांचे सतरा खाडे. परीक्षेला बसायला दीडशे दिवस लागत होते, तुझे भरले एकशे सत्तेचाळीस. तीन दिवस कमी. उशीर धरले नसते तर तू आरामात बसली असतीस. हे आकडे मला कुठे बघावे लागत नाहीत. तुझ्या वर्गाच्या बाई माझ्या टेबलाशी येऊन म्हणाल्या होत्या, अहो, हुशार मुलगी आहे, तीन दिवसांनी काय आभाळ कोसळणार आहे, सोडून द्या. मी त्यांना म्हणालो, दुसऱ्या कुणाची असती तर सोडली असती का? मला वाटलं, मी केवढं मोठं बोललो. संध्याकाळपर्यंत शाळेभर झालं आणि मोठ्या सरांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

तू भटकतेस, अशी माझी खात्री झाली होती. एकदा शिपाईमामांनी तुला भर शाळेच्या वेळी औषधाच्या दुकानाशी पाहिलं होतं आणि मला येऊन सांगितलं होतं. मी त्यांना उलट विचारलंसुद्धा नाही की ती तिथे काय करत होती. मला लाज वाटली, ही शाळेची हजेरी सांभाळणाऱ्याची मुलगी! घरी येऊन मी तुझ्याशी अबोला धरला. जेवताना तू समोर बसायचीस आणि मी ताटात बघत जेवायचो. असे किती महिने जेवलो आपण, खारूताई? तेवढं मात्र मी मोजलं नाही.

आता जे लिहायचं आहे ते लिहायला चार दिवस घेतले. हजेरी कमी पडली की पालकाला शाळेत बोलवायचं, त्याच्याशी बोलायचं आणि नोंद करायची, असा नियम होता. तुझ्या पालकाला, म्हणजे मला, मीच पत्र लिहिलं. माझीच सही, माझाच शिक्का. टेबलाच्या अलीकडे बसून लिहिलं आणि तिथल्या तिथे पालक म्हणून ‘वाचले’ असं लिहून पुन्हा सही केली. मग त्याखाली नोंद केली, ‘पालकांशी समक्ष चर्चा झाली.’ कुणाची कुणाशी चर्चा झाली? सगळ्या शाळेत त्या वर्षी सत्तावीस मुलांचे पालक येऊन बसले. काही रडले, काही माझ्यावर ओरडले, आणि त्या गडबडीत का होईना, मुलाचं काय चाललंय ते टेबलावर आलं. तुझ्या पालकाला तुझ्याबद्दल एक प्रश्नसुद्धा कुणी विचारला नाही. ज्या मुलीचा बाप शाळेतच बसत होता, तिच्याच घरी शाळा पोचली नाही.

तो कागद मला त्या दिवशी कपाटात सापडला. आणि त्याच्याखाली तुझ्या चिठ्ठ्या. पक्षपात केला असं कुणी म्हणू नये म्हणून मी त्या तेव्हा वेगळ्या बांधून ठेवल्या होत्या. तीन-तीनच्या सतरा जुड्या, टाचण्या गंजलेल्या. रद्दीत टाकायच्या आधी सहज वरची वाचली. मग मोडक्या बाकावर बसलो आणि सगळ्या वाचल्या. आयुष्यात पहिल्यांदा कारणाची ओळ वाचली.

सुरुवातीला तू ‘उशीर झाला’ एवढंच लिहिलं आहेस. मग ‘घरी काम होतं.’ मग ‘आईला चक्कर आली.’ ‘आईला उलट्या झाल्या.’ ‘आई मोरीत पडली, एकटीला सोडता आलं नाही.’ सही तिची आहे, पण कारण वेगळ्या शाईत आहे. म्हणजे तू कोऱ्या चिठ्ठीवर तिची सही घ्यायचीस आणि कारण फाटकाशी येऊन लिहायचीस, हे माझ्या आत्ता लक्षात आलं. मला कळू द्यायचं नाही, माझा खाडा होईल, असं तिने तुझ्याकडून वदवून घेतलं असणार. तिची रीतच ती. बोलायचं नाही असं वचन दिलं होतंस, मग तू लिहिलंस. चिठ्ठी कुणाच्या टेबलावर जाते ते तुला माहीत होतं. आणि तिची ती सही! पहिल्या जुडीत नेटकी, शाळेतल्या मुलीसारखी. शेवटच्या जुडीत अक्षरं ओळ सोडून खाली घसरलेली. चिठ्ठी क्रमांक अडतीसवर तू लिहिलं आहेस, ‘बाबा, एक दिवस सकाळी घरी थांबा.’ आणि शेवटचीवर, ‘बाबा, तुम्ही हे वाचता का?’ तिलाही मी टाचणी लावली आहे. अगदी कोपऱ्यात, सरळ.

उन्हाळ्यात ती बाजारात कोसळली तेव्हा डॉक्टर म्हणाले, डोक्यात गाठ आहे, बरीच जुनी. मी तिला विचारलं, कधीपासून त्रास होतो? ती म्हणाली, हे आत्ताच. मी तुझ्याकडे पाहिलं होतं आणि तू तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत होतीस. मला वाटलं, हिला काही पडलेलीच नाही. असं मला वाटलं होतं, खारूताई. वर्षभर आधी कळलं असतं तर ती वाचली असती का? मी परवा एका डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. मला निदान तिच्या उशाशी बसता आलं असतं, एवढं मात्र मला सांगता येतं.

ती गेली तीही रविवारी. आणि सोमवारी मी शाळेत होतो. तुझ्या मावशीने मला अडवलं, दादा हात धरून रडला, आणि मी म्हणालो, घरी बसून ती परत येणार आहे का? तू दारात उभी होतीस. तू बाजूला झालीस, मला वाट दिलीस. महिन्याभरात मावशीकडे शिवण शिकायला गेलीस ती गेलीसच. शाळेचं नाव पुन्हा काढलं नाहीस. मी लोकांना सांगत राहिलो, अभ्यासात लक्ष नव्हतं तिचं. या बावीस वर्षांपैकी किती वर्षं हे सांगितलं असेल!

मी त्या चिठ्ठ्या पिशवीत घालून घरी आणल्या. शाळेचा कागद न विचारता घरी आणायची ही माझी पहिलीच खेप. दोन दिवसांनी मुख्याध्यापिकांना जाऊन सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, आता तसं होत नाही, मूल आलं नाही तर पालकांच्या मोबाइलवर मेसेज जातो. मी विचारलं, आणि कारण? ते कुठे लिहायचं? त्यांनी मोबाइल काढून खालीवर करून बघितला. म्हणाल्या, त्यात कारणाला जागा नाहीये. त्यांचा चेहरा उतरला. चांगल्या बाई आहेत, बघते म्हणाल्या, आणि त्या बघतील असं मला वाटतं.

आता पत्र कशासाठी, ते सांगतो. येत्या शनिवारी शाळेचा समारंभ आहे. पूर्ण हजेरी लावणाऱ्या मुलांना माझ्या नावाचं बक्षीस सुरू करायचं ठरलं होतं, त्यात माझा सत्कार होता. तुलाही पत्रिका गेली असेल. मी लेखी कळवलं आहे की बक्षिसाला माझं नाव नको आणि मीही येणार नाही. त्या दिवशी सकाळच्या गाडीने मी तुझ्याकडे येतोय. माफी मागायला येत नाही. मागितली तर तू देऊन टाकशील, तेवढी तू तिच्यावर गेली आहेस, आणि मग आपण पुन्हा ‘तब्येत बरी ना’वर येऊ. मी विचारायला येतोय. सकाळी उठली की ती पहिलं काय म्हणायची? धरायला भिंत लागायची की तुझा खांदा? तुला शाळेत जा म्हणून ओरडायची का? मी घराबाहेर पडलो की तिला भीती वाटायची का? बावीस वर्षं मी तिचा फोटो पुसतोय आणि तिचं शेवटचं वर्ष मला माहीतच नाही. दादा तेव्हा शिकायला बाहेरगावी होता, त्या सकाळी फक्त तुझ्याकडे आहेत आणि तू त्या एकटीने सांभाळल्यास. सांगावंसं वाटलं नाही तर दुकानात एका स्टुलावर बसू दे, मी गप्प बसेन. सांगावंसं वाटलं तर पहिल्या दिवसापासून सांग, काही गाळू नकोस. मला आता कुठे वेळेवर पोचायचं नाहीये.

तुझाच,
बाबा