बदकाच्या पायातला काळा दोरा

७ जानेवारी, मंगळवार

नाही, मी त्याच्या पायावर काही टाकलेलं नाही. कुणी विचारलं नाही, पण बघतात तसं. बदक लंगडतंय म्हणजे घरातल्या बाईनेच काहीतरी केलं असणार. मला ते नको होतं हे खरं. सव्वा महिना झाला – यांना खडकीच्या रविवारच्या बाजारात मेथी आणायला पाठवलं, तर पिशवीतून बदकाचं पिल्लू घेऊन आले. "मेथी कुठाय?" तर म्हणाले, "कसली मेथी?" आणि हसले. मीपण हसले.

आता ते चांगलं किलोभर झालंय. अंगणभर घाण. उजवा पाय टेकत नाही. हळद-तेल लावलं. होईल बरं. एवढं कौतुक करायची माझी पद्धत नाही.

९ जानेवारी

टेकत नाहीच. सूज आहे.

१० जानेवारी, शुक्रवार

शेजारचा करीम आला होता. त्याच्या गच्चीवर कबुतरं आहेत, म्हणून पाखरांतलं सगळं कळतं असं त्याचं म्हणणं. पाय हातात धरून म्हणाला, "काकू, हळद पुरे आता. दवाखान्यात न्या. पाय थंड पडलाय."

"बदकासाठी रिक्षा करू?"

"गाडीवर सोडतो मी. तुम्ही पिशवीत धरून बसा मागे. राणीसारखं."

विश्रांतवाडी चौकातून बदक घेऊन गेले. लोक बघत होते. बघू देत.

जनावरांची डॉक्टरीण म्हणजे कालची पोरगी. पण हात चांगला. सूज चाचपली, चिमट्याने आत काहीतरी धरलं, बारक्या कात्रीने कापून काढलं. काळा दोरा. नजरेचा. मांसात पार रुतला होता, वरून दिसत नव्हता.

"पिल्लू असताना बांधलाय, आजी. ते वाढलं, दोरा कसा वाढेल? अजून आठ दिवस गेले असते तर पायच गेला असता. कुणी बांधला?"

"मला काय माहीत."

खरंच माहीत नव्हतं. घरी येऊन यांना विचारलं. "मी? मी कशाला बांधू?" तोंडावर साफ. हे खोटं बोलत नाहीत. पंचेचाळीस वर्षांत बोलले नाहीत. म्हणजे बाजारवाल्याने बांधला. विषय संपला.

१३ जानेवारी, भोगी

पट्टी बदलायला घेतली. पट्टीच्या वर नवा दोरा. काळा, कोरा.

गाठ बघितली. दोन फेरे, टोक मागे वळवून आत खुपसलेलं. ओढलं की सुटत नाही, आवळते. हे फॅक्टरीत पॅकिंगला होते, एकतीस वर्षं. घरातल्या प्रत्येक बोचक्याला हीच गाठ. दुसऱ्या कुणाला येत नाही.

कापून टाकला. भोगीची भाजी खारट झाली. हे म्हणाले, "मस्त झालीये."

१४ जानेवारी, संक्रांत

भाग्यश्रीचा फोन. आमची एकुलती. राहते खराडीला. "आई, तीन तारखेपासून माझं ऑफिस. मुक्ता दिवसभर तुमच्याकडे. नक्की ना? पाळणाघरात टाकून माझा जीव नाही लागणार कामात." मुक्ता पाच महिन्यांची. मी कधीची वाट बघतेय. पाळणा धुऊन ठेवलाय.

"बाबा बरे आहेत ना?"

"त्यांना काय धाड भरलीये."

१७ जानेवारी, शुक्रवार

सकाळी दूध घेऊन आले तर हे पायरीवर. बदक मांडीवर. डॉक्टरिणीची पट्टी सोडून नीट घडी करून बाजूला ठेवलेली. दोरा बांधत होते. तोंडाने हळूहळू चाललेलं – "गप गं भागे. झालंच. आता नाही कुणाची नजर लागणार."

भागी म्हणजे भाग्यश्री. ती लहान असताना असंच म्हणायचे.

मी म्हटलं, "अहो, ते बदक आहे."

माझ्याकडे बघितलं. ओळखीचं बघणं नव्हतं ते. कात्री घेऊन जवळ गेले तर मनगट धरलं. "पोरीला हात लावायचा नाही."

बदक ओरडत होतं. थोड्या वेळाने हे उठले, आत आले. "चहा झाला का गं?"

मनगटावर चार बोटं उमटलीत. लांब बाह्यांचा स्वेटर घातला. थंडी आहेच.

१८ जानेवारी

दोऱ्याची रिळं, सुतळी, नाड्या – सगळं कपाटात घालून कुलूप लावलं.

२० जानेवारी, सोमवार

कुलूप आहे तर बुटाची लेस बांधली. काळी. पाय पुन्हा टम्म.

करीमने विचारलं, "काकू, परत?" मी म्हटलं, मीच पट्टी घट्ट बांधली. "तुम्ही?" म्हणाला. गुणी आहे. बदक त्याच्या गच्चीवर नेलं.

भाग्यश्रीला सांगावं तर काय होणार ते मला माहीत आहे. तिच्या सासऱ्यांचं असंच सुरू झालं, तर आठवड्यात बॅग भरून कुठल्या संस्थेत नेऊन ठेवलं. आम्ही भेटायला गेलो तेव्हा खुर्चीला बांधलेले होते. पडू नयेत म्हणे. हे त्या रात्री जेवले नाहीत.

२२ जानेवारी

कालपासून घरभर फिरतायत. पलंगाखाली बघतात, मोरीत बघतात. "पोरगी कुठाय?"

२४ जानेवारी

करीमचा निरोप. बदकाची दोन बोटं काळी पडून गळाली. जगेल म्हणतो.

२६ जानेवारी, रविवार

मुक्ताचं बोरन्हाण, आमच्याकडेच. नको कसं म्हणणार? काळं झबलं, हलव्याचे दागिने. डोक्यावर बोरं-चुरमुरे पडले तर रडली नाही, खुदखुदली. गल्लीतली पोरं बोरं वेचत होती.

यांनी तिला मांडीवर घेतलं. नीट घेतलं, मानेखाली हात ठेवून. भाग्यश्री फोटो काढत होती. "बघ ना आई, बाबा किती खूश."

मग यांनी तिचे दोन्ही पाय हातात घेतले. घोट्यावरून बोट फिरवलं. मला म्हणाले, "पाय मोकळेच ठेवलेत गं पोरीचे."

भाग्यश्री हसली. "मग बांधा ना बाबा. तुमच्याच हाताने बांधा."

मी पोर उचलून घेतली. झटक्यात. हलव्याची माळ तुटली, दाणे सगळीकडे. "दूध प्यायची वेळ झाली तिची."

"आत्ता तर प्यायली, आई. काय चाललंय तुझं?"

२७ जानेवारी, सोमवार

भाग्यश्रीला फोन केला. सांगितलं, पोर इकडे ठेवू नको. तीन तारखेलाही नको, पुढेही नको. म्हटलं, मला तिचं रडणं सहन होत नाही.

मग म्हणाली, "बदक सांभाळता येतं तुला." ठेवून दिला.

हे शेजारीच बसले होते. "कुणाचा फोन गं?"

"कुणाचा नाही."

यावर आता कुणी काही विचारायचं नाही. मी सांगणार नाही. लिहिणारही नाही.