क्लॅरीची खुर्ची आणि लाल कागद

कुरांबा,
रविवार

प्रिय क्लॅरी मेव्हणेबुवा यांस,

गुडघे वाकत नाहीत, म्हणून नमस्कार उभ्याउभ्याच मानून घ्यावा. इकडे तुझी बहीण थेल्मा, मी आणि तुझ्या कोंबड्या खुशाल आहोत. तुझं खुब्याचं हाड सांधत आलं असेलच. (हाड तुझंच, म्हणजे हट्टी. सांधणार नाही तर काय करेल?) ॲडलेडला लेकीकडे तुला नीट खायला मिळतं का, असं थेल्मा रोज विचारते. मी तिला सांगतो, "तुझ्या भावाचं तोंड चालू आहे तोवर काळजी नको." कोंबड्यांनी मात्र तू गेल्यापासून अंडं दिलेलं नाही. त्याही तुझ्याच पक्षाच्या असाव्यात, संपावर गेल्या आहेत.

गेल्या आठवड्यात लोरेनचा फोन आला होता. म्हणाली, बाबा आता इथेच राहतील, कुरांबाचं घर विकायला काढायचं आहे. मी बरं म्हणालो आणि फोन ठेवला. मग थेल्माने चहा केला आणि तो आम्ही दोघांनीही प्यायला नाही. असो. हे पत्र निवडणुकीचं आहे, तेव्हा निवडणुकीकडे वळतो.

काल मतदान झालं. आपल्या गावाचं मत कुठे जातं हे मेंढ्यांनासुद्धा ठाऊक आहे. आजोबांनी शेतकऱ्यांच्या पक्षाला दिलं म्हणून बापाने दिलं, बापाने दिलं म्हणून पोरं देतात. तुझ्या कामगारांच्या पक्षाला तुझं एक, शाळेतल्या नव्या बाईंचं एक (त्यांची बदली होईपर्यंत) आणि एखादं कुणाचा चष्मा घरी राहिला म्हणून. तरी दर निवडणुकीला मतदान केंद्राच्या फाटकाच्या उजव्या खांबाशी मी आमच्या शेतकऱ्यांच्या पक्षाचे हिरवे कागद घेऊन बसणार आणि डाव्या खांबाशी तू लाल कागद घेऊन. लोक माझ्याकडचा कागद घेणार, त्यावर छापलेत तसेच पसंतीचे आकडे मतपत्रिकेवर उमेदवारांपुढे लिहिणार आणि बाहेर येऊन पावातलं सॉसेज खाणार. तुला जाता जाता फक्त विचारणार, "काय क्लॅरी, या वेळी तरी?" आणि तू रेल्वेतून निवृत्त झालेल्या माणसाच्या धीराने म्हणणार, "या वेळी नक्की."

तर काल सकाळी कोंबड्यांना दाणे घालायला गेलो, तो तुझ्या दारात लाल कागदांचा गठ्ठा पडलेला. (तुझ्या पक्षाला तू पडल्याचं कळवायचं कुणालाच सुचलं नाही.) गठ्ठा उचलला, तुझी घडीची खुर्चीही उचलली आणि ती डाव्या खांबाशी मांडली. तिथेच घोटाळा झाला. उजव्या खांबाशी बसलं की समोर ती रिकामी खुर्ची सोडून दुसरं काही दिसेचना. थर्मासमधून सवयीने दोन कप भरले गेले. शेवटी मी उठलो आणि तुझ्या खुर्चीत जाऊन बसलो. हातात हिरवे कागदच ठेवले, कारण पक्षाच्या शाखेचा अध्यक्ष लाल कागद वाटताना दिसला असता तर माझी काय शोभा राहिली असती? लाल गठ्ठा माझ्या रिकाम्या खुर्चीवर ठेवला, वर दगड ठेवला, आणि तुझा कप समोर ठेवून बसून राहिलो.

आता गावाची सवय तुला माहीत आहे. सगळे उजव्या बाजूने आले, माझ्या खुर्चीवरचा कागद उचलला आणि आत गेले. माझ्या हे लक्षात आलं तेव्हा खुर्चीवर नुसता दगड उरला होता आणि गाव सॉसेजवर जादा कांदा मागत होतं.

संध्याकाळी मोजणीला पक्षाचा माणूस म्हणून मीच हजर. तुझ्या पक्षाच्या मतांचा ढीग वाढतोय, आमचा आपला बारीक ताप आल्यासारखा पडून आहे. अधिकाऱ्याने पुन्हा मोजायला लावलं. क्लॅरी, कुरांबाच्या पेटीत तुझा पक्ष जिंकला! (मतदारसंघ आमच्याकडेच राहिला, शेफारू नकोस.) आमच्या खासदारांनी फोन करून विचारलं, "मर्व्हिन, गावात झालं तरी काय?" मी म्हणालो, "वारा फार होता."

तेव्हा हा विजय तुझा नाही, माझ्या गलथानपणाचा आहे. अध्यक्षपदाचा राजीनामा लिहून ठेवला आहे.

तुझा पराभूत मेव्हणा,
मर्व्हिन

ता.क. पाकीट बंद करणार तेवढ्यात सॉसेज भाजणारी नोरीन पाव घेऊन आली. तिला घोटाळा सांगितला तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. म्हणाली, "मर्व्ह, आम्ही काय आंधळे आहोत? लालभडक कागद होता तो! ठरवलं कुणीच नव्हतं. पण तू क्लॅरीच्या खुर्चीत तोंड पाडून बसलेला, समोर त्याचा कप. हिरवा कागद मागायची कुणाची छाती होईना." राजीनामा फाडला.

ता.क. २. मी कुणाला मत दिलं ते थेल्मा सकाळपासून विचारते आहे. मत गुप्त असतं. तिनेही तिचं सांगितलेलं नाही.

ता.क. ३. आमची मागची खोली रंगवून घेतली आहे. एकही पायरी नाही, आणि खिडकीतून कोंबड्या दिसतील. तुझं घर विकायचं तर खुशाल विका, लोरेनशी मी बोलतो. पण हे जिंकणं तुला शोभत नाही, आणि तू समोर नसताना मला हरण्यात काय, जिंकण्यातही राम वाटत नाही. पुढच्या वेळी तुला नेहमीसारखं, रीतसर हरवायचं आहे. घरी ये.