आठ ओमचा शिक्का

ड्यूलुथ, १४ जून

प्रिय ड्वेन,

सोमवारी तुझ्या दुकानात, गुरुवारी फोनवर आणि काल चर्चबाहेर गाडीपाशी, असं तीनदा मी तुझ्याशी एक गोष्ट बोलायला तोंड उघडलं. तिन्ही वेळा तू "त्यात काय एवढं, बाई" म्हणून सरोवरावरच्या वाऱ्याकडे विषय वळवलास. म्हणून लिहायला बसले आहे. पत्राला मध्येच तोडता येत नाही. पूर्ण वाच.

माझ्या नवऱ्याची, लॉरेनची, नजर आता फक्त कडेकडेला उरली आहे. समोरचं माणूस त्याला आवाजावरून ओळखावं लागतं. पेपर गेला, पत्ते गेले, खिडकीतून जहाजांची नावं वाचणं गेलं. राहिले ते दिवाणखान्यातले दाराएवढे उंच दोन स्पीकर, जे त्याने एकोणनव्वद साली बोट विकून आणले आणि ज्यांच्यापायी मी त्याच्याशी आठवडाभर अबोला धरला होता. मार्चमध्ये त्याचा जुना ॲम्प्लिफायर धूर सोडून मेला. तरी तो रोज दुपारी त्या मुक्या स्पीकरांसमोर आपल्या खुर्चीत जाऊन बसायचा. का बसतोस विचारलं, तर म्हणायचा, "सवय आहे." ते मला पाहवेना. छप्पर नुकतंच बदललेलं, त्यामुळे हाताशी अकराशे डॉलर होते, त्यावर एक सेंट नाही.

एकतीस वर्षं मी या गावात भौतिकशास्त्र शिकवलं, त्यामुळे कुणाला विचारावं असं मनातही आलं नाही. जाहिरातीत दोनशे वॅट वाचले. जुन्याचे शंभर होते, म्हणजे हा दुप्पट चांगला, असा हिशेब करून चारशे डॉलर मोजले आणि तो घरी आणला. दर दहा मिनिटांनी तो स्वतःला बंद करून घ्यायचा. मधल्या वेळात जे ऐकू यायचं त्यावर लॉरेन म्हणाला, "वेगळं आहे." माझ्या सासूबाईंनी मी भट्टीत भाजलेली पहिली हॉटडिश खाऊन हेच म्हटलं होतं, आणि मी ती पुन्हा कधी केली नाही. आपल्याकडे याहून कडक शब्द नाही हे तुला सांगायला नको.

पहिल्यांदा तुझ्या दुरुस्तीच्या दुकानात आले तेव्हा बाहेर मी दहा मिनिटं गाडीतच बसून होते, हे मात्र तुला माहीत नसेल. नव्वद साली मी तुला नापास केलं होतं, चार गुणांनी. ते मी विसरले नव्हते आणि तूही विसरला नसशील असं वाटत होतं. मला पाहताच तू हातातला चिमटा खाली ठेवून ताडकन उभा राहिलास, पन्नाशी उलटलेला माणूस, आणि म्हणालास, "बाई, मी काही केलेलं नाही." मला हसू आलं ते परत गाडीत बसल्यावर.

तू वॅट विचारलेच नाहीस. त्या डब्याचं वजन किती, एवढंच विचारलंस. मी एकटीने उचलून आणला, म्हटल्यावर म्हणालास, "बाईंना उचलता आला, म्हणजे विषयच संपला." मग समजावलंस. लॉरेनच्या स्पीकरांचा रोध वरच्या सुरांत दीड ओमपर्यंत उतरतो. तिथे त्यांना प्रवाह लागतो, भरपूर, आणि हलक्या ट्रान्सफॉर्मरचा ॲम्प्लिफायर घाबरून दार लावून घेतो. आठ ओमवरचे वॅट कुणीही छापतं. चार ओमवर ते दुप्पट होतात का, दोनवर पुन्हा जवळजवळ दुप्पट होतात का, ते बघायचं. नवा घ्यायला गेलं तर असा परवडत नाही, जुना परवडतो, पण झाकण उघडून पाहिल्याशिवाय घ्यायचा नाही. मी पहिल्या बाकावरच्या मुलीसारखी सगळं वहीत उतरवून घेत होते. ओघात तू म्हणालास, "आठ ओम हा नुसता पाठीवरचा शिक्का असतो, बाई. आत तो आकडा सुरागणिक बदलतो." एवढं बोललास आणि एकदम खाली बघून टेबलावर स्क्रू शोधायला लागलास. टेबलावर स्क्रू नव्हता.

माझा तो डबा तू तीनशे ऐंशीला विकून दिलास आणि दोन रविवार माझ्याबरोबर वणवण केलीस. हिबिंगचे ते निवृत्त दंतवैद्य आठवतात? आरशासारखा चकचकीत ॲम्प्लिफायर, आणि म्हणतात कसे, "उघडायचं कशाला? आवाज ऐका की." त्यावर तू चेहरा अगदी गंभीर ठेवून म्हणालास, "डॉक्टर, तुम्ही रोज लोकांना काय सांगत होता?" उघडला तर आतल्या कपॅसिटरची डोकी फुगलेली, म्हणजे मरणाच्या दारात. मला तो आवडला होता. मी एकटी असते तर घेऊन आले असते.

आणि टू हार्बर्सच्या थोरवाल्डसनबाई. नवरा पियानो सुरात लावायचा, त्याच्या मागे तळघरात राहिलेला ॲम्प्लिफायर: पुढच्या पट्टीवर ओरखडा, एक मूठ गायब, वजन त्र्याण्णव पौंड. तू तो तासभर तापू दिलास, मीटर लावलास, आत नाक घालून हुंगलास. तेवढ्या वेळात आपण रूबार्बच्या वड्यांना दोनदा नको म्हणून तिसऱ्यांदा हो म्हणालो. साडेनऊशे सांगितले होते. मूठ नाही म्हणून पन्नास बाईंनीच कमी केले. मग दारात निरोप घेण्यात अर्धा तास गेला आणि तेवढा वेळ तू ते धूड पोटाशी धरून "हो ना, हो ना" करत उभा होतास. पाठ कशी आहे आता?

तू तारा जोडून निघून गेलास, थांब म्हटलं तरी थांबला नाहीस, म्हणून पुढचं तुला कळलं नाही. लॉरेनने पहिली तबकडी पूर्ण ऐकली. म्हणाला, "फार वाईट नाही." जरा वेळाने म्हणाला, "मुळीच वाईट नाही." चौपन्न वर्षांच्या संसारात हे दुसरं वाक्य मी एकदाच ऐकलं होतं, मुलगी झाली तेव्हा. आता त्याला जेवायला तीन हाका माराव्या लागतात. मी त्या आनंदाने मारते. हे तू आमच्या घरात आणलंस, ड्वेन, आणि याचे आभार तुला ऐकून घ्यावेच लागतील.

आता ती गोष्ट. या छंदातली माणसं खोकी कधी टाकत नाहीत. जुन्या ॲम्प्लिफायरचं खोकं माळ्यावर होतं. ते फेकून दे म्हणून मी तीस वर्षं कटकट केली. नव्याला ते बसतंय का बघ, असं लॉरेन म्हणाला, म्हणून परवाच्या नव्हे, त्याआधीच्या शनिवारी ते खाली काढलं. फोमच्या खाली तुझी प्रयोगवही निघाली, जी हरवली असं मी तुला सांगितलं होतं. प्रयोग नववा, लाउडस्पीकरचा रोध. तू वेगवेगळ्या सुरांवर मोजून डोंगरासारखा आलेख काढला आहेस आणि खाली लिहिलं आहेस, "असं का येतं कळत नाही, पण तीनदा मोजलं." त्यावर माझी लाल शाई: "आठ ओम. पुस्तक बघ. शून्य." शेजारी पेन्सिलीने लॉरेनचं अक्षर: "पोरगं बरोबर आहे." मी त्याला विचारलं तर म्हणतो, "तेव्हाच सांगितलं होतं. तू म्हणालीस, बटाट्यांकडे बघ. म्हटलं, खोकं फेकायला काढशील तेव्हा सापडेल." ते चार गुण त्या शून्यात होते. त्यांच्यापायी तुझा विद्यापीठातला प्रवेश गेला आणि तू खनिजाच्या जहाजांवर गेलास. ती वर्षं मला परत देता येत नाहीत. तुला सगळं आठवत होतं, तरी तू मला तोच धडा शिकवलास आणि नसलेला स्क्रू शोधत राहिलास. मी चुकले होते. हे तोंडावर सांगायचं होतं. तू सांगू दिलं नाहीस.

तुझीच, आणि या वेळी तुझी विद्यार्थिनी,
व्हर्ना हॉलक्विस्ट

सोबत दिलं आहे:
तुझा मीटर, आमच्याकडे राहिलेला.
तुझ्या बायकोचं काचेचं भांडं, रिकामं नाही.
प्रयोगवही एक, ड्वेन कोस्केला, तुकडी तिसरी. प्रयोग नववा पुन्हा तपासला. शून्य खोडलं आहे, शेजारी सही आणि आजची तारीख आहे. वीसपैकी वीस. विलंब तपासणारीचा.