चौथं ताट

मनामा, २४ डिसेंबर १९९६

आज पावेलसाहेबांच्या जनाबियातल्या घरी ख्रिसमसचं जेवण. चेक लोकांच्या रीती मी आधीच वाचून ठेवल्या होत्या. दारात बूट काढून सपाता मागितल्या, तर त्यांची बायको हाना चकित. "कोणी शिकवलं?" शिकवायला कोण लागतं? लेथ मशीनसुद्धा मी असंच वाचून शिकलो.

मग टेबल पाहिलं. माणसं तीन, ताटं चार. कारखान्यात माल तपासतो मी, असली चूक मला खपत नाही. चौथं ताट उचलून स्वयंपाकघराकडे निघालो.

पावेल हसले, "इथेही तपासणी?"

हाना धावत आली. "राहू द्या ते! न बोलावलेल्या पाहुण्याचं आहे. आज कोणीही दारात येऊ शकतं."

ठेवलं परत. हामूर मासा झकास तळला होता, पण माझी नजर माशावर नव्हती. समोर ते रिकामं ताट. दापोलीत घरी ईदला सगळे जेवायला बसतात, तेव्हा काठाला चेपलेलं माझं ताट कुठे असतं? फडताळात पालथं? कधी विचारलंच नाही.

शुक्रवारी बायकोला, झुबेदाला, फोन करीन. येत्या ईदला ते चेपलेलं ताट मांड, म्हणेन. का विचारलं तर सांगेन, चेक लोकांची रीत आहे.