शेळीबाईचं शेवटचं बोलणं

शिरूर अनंतपाळ, जिल्हा लातूर
(उस्मानाबाद लिहू नका. मागच्या खेपेला तुमचं पत्र तिकडं जाऊन, सगळा जुना जिल्हा हिंडून मग इकडं आलं.)

आदरणीय ग्यानोबामामा यांस,

पंचशीलाचा सविनय जयभीम. कोंडामामींनाही जयभीम सांगा आणि त्यांचा गुडघा कसा आहे ते कळवा. तुमचा खोकला कसा आहे तेही कळवा. इकडं आम्ही सगळे खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते, बाकी विहिरीत बादली सोडली की दगडाचा आवाज येतो, टँकर येतो तो मनाला वाटेल तेव्हा, आणि शाळेत मी पोरांना जलचक्र शिकवते आहे. मुदखेडला रेल्वेच्या नळाला अजून पाणी येत असलं तर मोठ्यानं कुणाला सांगू नका, आमची निम्मी वस्ती गाडीत बसून तुमच्या दारात येईल. मायची तब्येत ठणठणीत आहे, रोज मला दोन वेळा येडी म्हणते, यावरून समजा. झाली तब्येतीची चौकशी. आता भांडणाकडं वळते.

मामा, मला लई राग आलेला आहे. इतका की काल फळ्यावर लिहिताना खडू मोडला आणि पोरं घाबरून आपोआप पाढे म्हणायला लागली. राग पुष्कळांचा आहे, त्यात तुम्हीसुद्धा आहात, पण तुमची पाळी मधे येईल, तोवर स्वस्थ बसून वाचा. तुम्हाला ठाऊकच आहे की आपला जिल्हा नवा झाला आणि जिकडं तिकडं मंडळांचं पीक आलं. (दुष्काळात तेवढं एकच पीक जळलं न्हाई.) तालमीचं मंडळ झालं, भजनाचं झालं, मग आम्हीही एक काढलं, 'शेळीबाई रसिक मंडळ'. अध्यक्ष शेषेराव, कारण ओसरी त्यांची आणि रेडिओही त्यांचा. मन्मथ शिंपी खजिनदार, कारण त्याच्याकडं कुलपाची पेटी आहे. आणि मी चिटणीस, कारण लिहायचं काम आलं की सगळ्यांची बोटं एकदम दुखायला लागतात. आमच्या वस्तीतली मंडळात मी एकटीच. पण शेळीबाईपुढं सगळे सारखे असं शेषेराव पहिल्या बैठकीत म्हणाले होते आणि मी येडी ते खरं धरून बसले.

शेळीबाई म्हणजे कोण ते तुम्हाला सांगायची गरज न्हाई, पण रागात सगळं पहिल्यापासून सांगायची माझी खोड आहे. बहात्तरच्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर सगळं गाव खडी फोडत होतं. (शेषेरावही होते, मायच्या शेजारच्या ढिगावर. आता म्हणतात की मी नुसता देखरेखीला जात होतो. देखरेख करून हाताला फोड येतात हे मला ठाऊक नव्हतं.) एके दिवशी सुकडी वाटून झाली आणि सरकारी सिनेमाची गाडी आली, दोन बांबूंना पांढरं कापड ताणलं, आणि अंधार पडल्यावर आम्ही पोरांनी खडीच्या ढिगावर बसून जन्मातला पहिला सिनेमा पाहिला. हातानं काढलेल्या चित्रांचा सिनेमा, 'शेळीबाई दरबारात'. गावातलं पाणी आटतं म्हणून एक शेळी राजाकडं जाते, वाटेत कोल्हा, लांडगा, कारकून सगळ्यांना पुरून उरते. शेवटी राजा तिच्यापुढं वाटीभर पाणी ठेवतो, दरबार टाळ्या वाजवतो, आणि शेळीबाई मान वर करून म्हणते, "राजा, मी पाणी मागायला आले न्हाई. पाणी गेलं कुठं, ते विचारायला आले." मामा, त्या वेळी मी एवढीशी होते, पण अंगावर काटा आला होता. मी मास्तरीण झाले ती त्या वाक्यापायी. वर्गात आजवर एकाही पोराला प्रश्न विचारला म्हणून मी गप्प बसवलं न्हाई.

तेच वाक्य आम्ही औंदा बाहेर काढलं. चावडीच्या भिंतीवर गेरूनं लिहिलं, घागरी घेऊन बाया लातूरला मोर्चानं गेल्या तेव्हा तेच म्हणत गेल्या, आणि त्यानंतर टँकर सुरू झाला. गावाला वाटलं शेळीबाई पावली. एकटे वीरण्णा काय ते वाकड्यात. वीरण्णा म्हणजे आमचे पोष्टातले, मूळचे नांदेडकडच्या भोकरचे, मंडळाचे साधे सभासद. ते म्हणायचे की मी हाच सिनेमा भोकरला पाहिला, तिथं शेवटी शेळी काहीच बोलत न्हाई, पाणी पिते, पाला चघळते आणि घरी जाते. यावर इतका गदारोळ झाला की विचारू नका. शेषेराव म्हणाले, नांदेडवाल्यांची शेळी मुकी असंल, आमची लातूरची बोलती. नवा जिल्हा म्हटलं की माणसाला कशाचाही अभिमान वाटतो. मन्मथनं वीरण्णांची विजार चार आठवडे शिवून दिली न्हाई. आणि मीसुद्धा, कबूल करते, त्यांच्याशी तिकिटापुरतं बोलत होते.

तर अशात रेडिओवर जुन्या आवाजांच्या मुलाखती सुरू झाल्या आणि शेळीबाईचा आवाज ज्यांनी दिला त्या कुमुदिनीबाईंची पाळी आली. श्रोत्यांनी प्रश्न पाठवावेत असं सांगितल्यावर मंडळाच्या वतीनं मीच प्रश्न पाठवला की, शेवटचं ते अमर वाक्य म्हणताना आपल्या मनात काय होतं? (हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.) मुलाखतीच्या दिवशी ओसरीवर मुंगी शिरायला जागा नव्हती. शेषेरावांनी रेडिओवर टॉवेल टाकला होता तो स्वतःच्या हातानं काढला. आणि बाई बोलायला लागल्या, मामा, आणि एकेकाचं तोंड उतरत गेलं. त्या म्हणाल्या, चित्र मला दाखवलंच न्हाई, बंद खोलीत एकेक ओळ सुटी म्हणायला लावली, बेंबें करणं तेवढं सगळं एका दुपारी उरकलं आणि मग दोन दिवस घसा बसला. मन्मथला तेही चाललं. पण शेळ्यांची मला भीती वाटते असं त्या म्हणाल्या तेव्हा तो उठून भिंतीकडं तोंड करून बसला. आणि मग आपला प्रश्न आला. बाई म्हणाल्या, "असं वाक्य माझ्या कागदावर नव्हतं. शेवटी शेळी नुसती चघळते. पण ज्यानं कुणी ते म्हटलं, त्यानं माझी शेळी शहाणी केली."

पुढं रेडिओवर काय झालं कुणालाच ठाऊक न्हाई, कारण ओसरीवर इतका गलका झाला. कुणी म्हणालं बाईंचं वय झालं, त्यांना आठवत न्हाई. कुणी म्हणालं सरकारला भिऊन कानावर हात ठेवले. शेषेराव म्हणाले, पुण्यामुंबईची माणसं अशीच, आपल्या भागात काही चांगलं झालं की त्यांना मान्य न्हाई. सगळे म्हणाले की चिटणीसांनी कडक पत्र लिहावं. मी लिहिलं. मामा, काय लिहिलं ते आता आठवलं तरी कान तापतात. आम्ही सगळ्यांनी या कानांनी ऐकलेलं आपण नाकारता, आपल्याला शेळीइतकंही धैर्य न्हाई, असं लिहिलं. आणि ते पत्र द्यायचं कुणाच्या हातात, तर वीरण्णांच्या, कारण पोष्टात दुसरं माणूसच न्हाई. त्यांनी पत्ता वाचला, माझ्याकडं पाहिलं आणि शिक्का हळूच मारला.

घरी येऊन मी मायला सगळं सांगितलं, आवाज चढवून. माय ज्वारी निवडत होती. ती सूप बाजूला ठेवून हसायला लागली, आणि हसता हसता तिला ठसका लागला. म्हणाली, "येडे, त्यो तुझा मामा हाय. भावाचा आवाज मला कळंना व्हय?" मग सगळं निघालं. तुम्ही चार दिवसांची रजा घेऊन मायला पिठाचं गाठोडं द्यायला कामावर आला होतात. सिनेमा संपत आला आणि आवाजाच्या डब्यानं मान टाकली. (मधे जरा खरखर झाली आणि मग आवाज लई मोठा आला, एवढं मलाही आठवत होतं. मला वाटलं, दरबारात जाते म्हणून शेळी मोठ्यानं बोलत असंल.) लोक शिट्ट्या मारायला लागले, गाडीवाला गुंडाळायला निघाला, आणि तुम्ही पडद्यामागं गेलात. भीमजलशात जन्मभर बायांची सोंगं केलेली, तुम्हाला शेळी काय जड. राजाही तुम्हीच झालात आणि शेळीही तुम्हीच. तिकडून चित्र उलटं दिसत होतं, गोष्टीचा शेवट ठाऊक नव्हता, शेळी तोंड हलवते आहे एवढंच दिसत होतं, आणि तिच्या चघळण्यात तुम्ही ते वाक्य भरलंत. मी मायला विचारलं, मग इतकी वर्षं मला का सांगितलं न्हाईस? तर म्हणते, तू इचारलंस कवा?

आता तुमची पाळी. मामा, तुम्ही माझ्या लग्नात आलात, बारशांना आलात, दर खेपेला मी तुमच्या पुढ्यात बसून ती शेळी तोंडपाठ करून दाखवली, आणि तुम्ही मिशीतल्या मिशीत हसत चहा पीत राहिलात! एका शब्दानं सांगायला काय झालं होतं? मी एका भल्या बाईला खोटं ठरवलं, वीरण्णांशी महिनाभर अबोला धरला, तो सगळा तुमच्या मूग गिळून बसण्यापायी. मी तुमच्यावर इतकी चिडले की त्या दिवशी जेवले न्हाई. आणि खरं सांगू, चिडून बसल्या बसल्याच मला रडू आलं. ज्या वाक्यावर मी उभी राहिले ते कुठल्या लांबच्या बाईचं नव्हतं, माझ्या मामाचं होतं. हे मला लई आवडलं.

तसा हुरूप घेऊनच मी दुसऱ्या दिवशी मंडळात गेले. आधी वीरण्णांची सगळ्यांदेखत माफी मागितली, बाईंना सगळं खरं कळवून माफीचं पत्र लिहिल्याचं सांगितलं, आणि मग ते वाक्य कुणाचं ते सांगितलं. मला वाटलं टाळ्या पडतील. कालपर्यंत त्या वाक्यासाठी मुंबईशी भांडायला निघालेली माणसं एकदम आभाळाकडं बघायला लागली, जसा काही पाऊसच येणार होता. मन्मथ टेपेची गुंडाळी करत राहिला. वीरण्णा तेवढे म्हणाले की हे बरोबर जुळतं. मग शेषेरावांनी घसा साफ केला. कुमुदिनीबाईंना सत्काराला बोलवायचं मंडळानं मुलाखतीच्या आधीच ठरवलं होतं (त्या येणार आहेत, शेळ्या बांधून ठेवा एवढीच त्यांची अट), आणि मंडपात लावायच्या फलकावर ते वाक्य व खाली बाईंचं नाव रंगवायला दिलेलं होतं. नाव बदलू या असं मी म्हटल्यावर शेषेराव म्हणाले, "मास्तरीणबाई, वाक्य गावाचं हाय. त्यात ग्यानोबाचं नाव कशाला? बाईचंच राहू द्या, शोभून दिसतं."

माझ्या तोंडावर तुमच्या नावाला ना राव ना मामा. ज्या बाई रेडिओवर साऱ्या महाराष्ट्रासमोर म्हणाल्या की वाक्य माझं न्हाई, त्यांच्या गळ्यात ते बळंच घालतील, पण ज्याचं आहे त्याचं नाव फलकावर चढू देणार न्हाईत. वाक्य आमच्या वस्तीतल्या बाईच्या भावाचं निघालं तर भिंतीवरचा गेरू विटाळतो का, असं मी सरळ विचारलं. त्यावर शेषेराव म्हणाले की आम्ही असलं काही मानत न्हाई, आणि उठून आत गेले. मानत न्हाईत तर आत कशाला गेले? मी तिथून निघाले ती अजून तापलेलीच आहे. टँकरचं पाणी पिऊनही थंडावा येईना.

वडिलकीच्या नात्यानं तुम्ही मला शांत राहायला सांगाल हे मला ठाऊक आहे. तसं कळवण्याचे कष्ट घेऊ नयेत. मामींना जपा, पाणी उकळून प्या.

तुमची रागावलेली भाची,
पंचशीला

ता. क. : चिटणीसपदाचा राजीनामा मी लिहिला होता, पण दिला न्हाई. कारण सत्काराच्या दिवशी सूत्रसंचालन चिटणीसाकडं आहे, म्हणजे माइक माझ्या हातात राहणार.

ता. क. दोन : आता खरं काम. येत्या रविवारी सत्कार आहे. शनिवारच्या गाडीनं निघा. मंडपात मी तुमचं नाव घेऊन बोलावणार आहे आणि ते वाक्य तुम्ही स्वतःच्या तोंडानं म्हणायचं आहे, कुमुदिनीबाईंच्या शेजारी उभं राहून. या खेपेला पडद्याच्या पुढून. माझ्या माफीच्या पत्राला बाईंचं वेगळं उत्तर आलं आहे, माझ्या चिडक्या पत्राबद्दल एक शब्द न्हाई, 'त्या गृहस्थांना बघण्यासाठीच येते' एवढंच लिहिलं आहे.

ता. क. तीन : माय म्हणते, तू कितीबी लिही, त्यो यायचा न्हाई, त्याचे वरचे सगळे दात पडले आहेत आणि चारचौघांत तोंड उघडायला लाजतो. मामा, हे कारण मी चालू देणार न्हाई. शेळीला तरी वरचे दात कुठं असतात?