शून्य कुठे धरायचं

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा वजनकाटे दुरुस्ती, राहणार दुकानाच्या वरच्या मजल्यावर, सगळा बाजार जिला काटेवाली म्हणतो ती, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणायचे प्रयत्न झाले, ते पुढे येतीलच. मी पूर्ण शुद्धीवर आहे. सकाळचं मॉर्फिन घेऊन दोन तास झाले आहेत. उद्या कोणी "म्हातारी औषधाच्या गुंगीत होती" असं म्हणायला नको, म्हणून नमूद करते की आज सकाळीच मी समोरच्या सोनाराचा नाजूक काटा उघडला, पुसला, जुळवला आणि बंद केला. त्याच्या पारड्यात एक केस टाकला तरी ते झुकतं. गुंगीतल्या माणसाने हे करून दाखवावं. डॉक्टरांचा दाखलाही सोबत जोडला आहे.

मला स्वादुपिंडाचा कर्करोग आहे. तो यकृतापर्यंत पोचला आहे आणि बरा होणार नाही. हे वाक्य घरात कोणी तोंडातून काढत नव्हतं, शेवटी मलाच कागदावर काढावं लागलं.

कलम एक, हत्यारं. दुकान, दुकानातलं कामाचं टेबल, पितळी वजनांच्या तिन्ही पेट्या, दोन भिंगं आणि माझ्या नवऱ्याचे चिमटे मी माझ्या धाकट्या मुलीला देते. वीस वर्षं ती माझ्या शेजारी बसून काम करते आहे, त्यामुळे देते म्हणण्यात तसा अर्थ नाही, ते तिचंच आहे. फक्त एक अट. बारीक वजन चिमट्यानेच उचलायचं. बोट लावलं की घाम बसतो आणि वजन खोटं होतं. घाई असली की तू बोट लावतेस, बाई. मी बघितलंय.

कलम दोन. माझ्या दिरांना मी काहीही देत नाही. नजरचुकीने राहिलं असं कोणी समजू नये, म्हणून हे स्वतंत्र कलम. माझा नवरा गेल्यावर पंधराव्या दिवशी ते दुकानात आले, गल्ल्याशेजारी खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "वहिनी, बाईचा हात थरथरतो. हे काम तुम्हाला झेपायचं नाही. किल्ल्या इकडे द्या." मी किल्ल्या दिल्या नाहीत. सदतीस वर्षं झाली. त्यांना हा कागद वाचून दाखवावा, आणि या कलमाशी जरा हळू वाचावं, हल्ली त्यांना कमी ऐकू येतं.

कलम तीन. माझा टपालाचा छोटा पितळी काटा मी घरी येणाऱ्या नर्सबाईंना देते. का, ते सविस्तर लिहिते.

चार महिन्यांपूर्वी मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं की औषध लागू पडत नाही, आता तुमचं नाव उपशामक सेवेत घालू, त्या घरी येऊन त्रास कमी करतात. धाकटी बाहेर जाऊन रडली. थोरला मुलगा डॉक्टरांवरच ओरडला. मलाही वाटलं, संपलं, आता पलंगाला बांधून गुंगीत ठेवणार. दोन दिवसांनी हातात हेल्मेट घेऊन एक धिप्पाड नर्स जिना चढून आली, धापा टाकत खुर्चीत बसली आणि पिशवीतून एक कागद काढला.

"आजी, मी एकेक विचारते, तुम्ही आकडा सांगायचा. शून्य म्हणजे अजिबात नाही. दहा म्हणजे याहून जास्त असूच शकत नाही. दुखणं किती?"

मी पोटाशी उशी घट्ट धरून वाकून बसले होते. म्हटलं, "दोन."

"मळमळ?"

"एक."

"धाप?"

"एक."

तिने माझ्याकडे बघितलं, मग उशीकडे बघितलं आणि निमूट लिहून घेतलं. असं तीन आठवडे चाललं. दोन, एक, एक. औषधही त्याच मापाचं मिळत गेलं. पोटातून पाठीत कळ निघायची, दोन घास खाल्ले की उलटी, जिन्याकडे बघूनच दम लागायचा. दुकान खाली, मी वर, आणि मधल्या चौदा पायऱ्या मला दुसऱ्या गावासारख्या लांब. धाकटी म्हणायची, "आई, अगं नीट सांग ना त्यांना." मी म्हणायची, "नीटच सांगतेय." खोटं बोलायची माझी कधी हिंमत झाली नाही, आणि आकड्याच्या बाबतीत तर नाहीच.

चौथ्या आठवड्यात नर्सबाईंनी पेन खाली ठेवलं. "आजी, हे दोन तुम्ही कुठून मोजता?"

"कुठून म्हणजे? सकाळी उठल्यावर जे असतं ते शून्य. दिवसभरात त्याच्यावर जे चढेल ते सांगते."

आमच्या धंद्यात हीच रीत आहे. गिऱ्हाईक डबा घेऊन येतं. रिकामा डबा काट्यावर ठेवायचा, काटा शून्यावर आणायचा, मग माल ओतायचा. आकडा दिसतो तो मालाचा, डब्याचं वजन त्यात धरायचं नाही. पन्नास वर्षं मी हेच केलं आणि दुखण्यालाही तेच लावलं.

नर्सबाई आधी हसल्या. मग त्यांचे डोळे भरून आले. "अहो आजी, पण डबाही तुम्हीच उचलताय ना!"

मग मी डोळे मिटून दुखणं नव्हतं असा शेवटचा दिवस शोधला. सापडला. दीड वर्षापूर्वी शिडीवर चढून मी दुकानातला पंखा पुसला होता आणि वर उभ्या उभ्याच धाकटीला शिव्या घातल्या होत्या. तिथे शून्य धरलं आणि पुन्हा मोजलं. दुखणं आठ. थकवा नऊ. मळमळ सात. धाप सहा. भूक विचारू नका. इतके दिवस मी आठ अंगावर काढत होते आणि दोन म्हणून सांगत होते.

त्यांनी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. मॉर्फिनचं सरबत दर चार तासांनी. उलटीची गोळी जेवणाआधी अर्धा तास. धाप लागली की छोटा पंखा थेट तोंडावर धरायचा, एवढ्याशा गोष्टीने श्वास कसा मोकळा होतो बघा. आणि पोट साफ व्हायचं औषध, कारण मॉर्फिन पोट घट्ट धरून बसतं. या विषयावर आमच्या घरात जेवढी उघड चर्चा झाली तेवढी मुलांच्या लग्नाच्या वेळीही झाली नव्हती.

पाचव्या दिवशी दुखणं तीनवर आलं. खऱ्या शून्यापासून तीन! मी आडवी झाले आणि सलग सहा तास झोपले. उठून वाटीभर सूप प्यायले, ते पोटात राहिलं, मग आणखी वाटीभर मागितलं. डोक्यावरून पाणी घेतलं. आठव्या दिवशी कठडा धरून, दर चार पायऱ्यांना थांबत, चौदा पायऱ्या उतरून मी माझ्या खुर्चीत बसले. सोनाराने समोरून मला पाहिलं आणि गिऱ्हाईक तसंच सोडून धावत आला. म्हणाला, "बाई, माझा काटा दीड महिना तुमच्यासाठी थांबलाय. दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही." मी हात पुढे करून धरला आणि बघितला. थरथरत नव्हता. कलम दोनमध्ये उल्लेखलेल्या गृहस्थांनी याची नोंद घ्यावी.

मी बरी होत नाहीये, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण मी जिंकले आहे आणि तसं लिहायला मला लाज वाटत नाही.

कलम चार, माझं शरीर. वकील म्हणाले, "बाई, मृत्युपत्रात मेल्यानंतरचं लिहायचं असतं, जिवंतपणीचं नाही." मी म्हटलं, त्याचा वेगळा कागद करा, पण इथेही राहू द्या, वाचणारी माणसं तीच आहेत. तर, मला या घरातून कुठेही हलवायचं नाही. नवं औषध, नवी नळी, नवं शहर, काही नको. दुखणं पाचच्या वर गेलं की नर्सबाईंना फोन करायचा. मला बोलता आलं नाही तर आकडा धाकटी सांगेल, शून्य कुठे धरायचं ते तिला आता कळतं.

हे कलम थोरल्यासाठी आहे. परवा तो गाडी घेऊनच आला. हातात फाइल, लांबच्या हॉस्पिटलात खाट ठरलेली. तिथल्या डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं की फार तर काही आठवडे वाढतील, तेही खाटेवर. मी दुकानात काट्यावर वाकले होते.

"आई, हे म्हणजे हात टेकणं झालं."

"हात टेकले असते तर हा काटा कोणी उघडला असता रे?"

"आणि त्या मॉर्फिनची सवय लागेल तुला."

"लागू दे. एकाहत्तराव्या वर्षी एखादी वाईट सवय परवडते मला."

तो हसला नाही. डोळ्यांखाली काळं, दाढी वाढलेली. मी ड्रॉवरमधून नर्सबाईंचा कोरा कागद काढला. "बस समोर. झोप किती बिघडलीय? शून्य ते दहा."

"माझं काय विचारतेस?"

"विचारतेय ना. सांग."

"नऊ."

"भूक?"

"काय माहीत. सात."

"चिंता?"

त्याने टेबलावर डोकं टेकलं, वजनांच्या पेटीशेजारी. शेहेचाळीस वर्षांचा बाप्या. "तू गेलीस तर मी काय करू गं?"

मी त्याच्या केसांत हात घातला. "ते नंतर बघ. आत्ता मी आहे. आत्ता काय करतोस ते सांग." तो उठला आणि त्याने बाहेर जाऊन गाडी परत पाठवली. तेव्हापासून इथेच आहे. सूप तोच करतो, जरा खारट होतं.

कलम पाच, घर. वरच्या तीन खोल्या दोन्ही मुलांना निम्म्या निम्म्या, असं मी लिहिलं होतं. आज वकिलांनी ते सगळ्यांसमोर वाचलं आणि म्हणाले, दोन साक्षीदार लागतील, पण या कागदाने ज्याला काही मिळतं त्याने साक्ष घालू नये, त्याचा हिस्सा जातो. सोनार तयारच होता. नर्सबाई पुढे झाल्या तर टपालाचा काटा आडवा आला. तेवढ्यात थोरला म्हणाला, "मी करतो सही."

वकील म्हणाले, "तुमचं निम्मं घर जाईल."

"जाऊ दे. मला माझा भरवसा नाही. हिचं दुखणं वाढलं की मी पुन्हा गाडी बोलावीन. तेव्हा धाकटीने माझीच सही माझ्यापुढे धरावी."

मी त्याला दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तेच म्हणाला. म्हणून वरचं निम्मं निम्मं मी खोडते आणि पूर्ण घर धाकटीच्या नावे करते. ती रडते आहे आणि थोरल्याला नाही नाही म्हणते आहे. त्यांचं ते दोघं बघून घेतील.

याआधीचे माझे सगळे कागद रद्द समजावेत. हा मी स्वतःच्या हाताने लिहिला आहे, अक्षर सरळ आलं आहे.

ठिकाण: दुकानातलं माझं टेबल.
दिनांक: अठरा मार्च, दुपारी बारा. दुखणं दोन.

सही: काटेवाली

साक्षीदार पहिला: समोरचा सोनार. बाईंनी माझ्यासमोर, चष्मा लावून, हसत सही केली.

साक्षीदार दुसरा: थोरला मुलगा. वाचलं. कलम चारसकट मान्य आहे. आई इथेच राहील.